डिजिटलीकरणाच्या यादीत पहिला क्रमांक कोणाचा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुंबईतील अनेक नाट्यसंस्था, संगीत मंडळे, ग्रंथालये आणि महाविद्यालये सध्या सुवर्णमहोत्सव, अमृतमहोत्सव किंवा शताब्दीच्या उंबरठ्यावर आहेत आणि त्यानिमित्ताने आपल्याकडील जुन्या ध्वनिफिती, चित्रफिती व रिळे डिजिटल करून घेण्याचे ठराव ठिकठिकाणी होत आहेत. याचे स्वागतच केले पाहिजे. मात्र ठराव मंजूर झाल्यावर कामाची जी यादी तयार होते, ती बहुतेक ठिकाणी एकाच पद्धतीने लावली जाते. सर्वांत नामवंत कलावंत वर, त्यांच्याखाली पुरस्कारप्राप्त नाटके आणि मोठ्या पाहुण्यांची भाषणे, आणि तळाशी 'इतर' या सदरात उरलेले सगळे. निधी साधारणपणे यादीच्या पहिल्या पानावरच संपतो. ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायात हयात घालवलेला आणि निवृत्तीनंतर अशा काही संग्रहांना जमेल तशी मदत करणारा माणूस म्हणून मला असे सुचवायचे आहे की, ही यादी जवळजवळ उलटी लावली पाहिजे. ज्याची दुसरी प्रत कुठेही नाही, जे झपाट्याने बिघडते आहे आणि जे वाजवणारे यंत्र बाजारातून नाहीसे होत आहे, ते प्रथम घ्यावे. ज्याच्या प्रती दहा ठिकाणी सुरक्षित आहेत ते, कितीही थोर असले तरी, थांबू शकते.

नावाच्या खालोखाल आपल्याकडे वयाला मान दिला जातो, आणि तिथेही हिशेब चुकतो. ग्रामोफोन कंपनीने 1902 मध्ये कोलकात्यात भारतीय गायनाचे मुद्रण केले. त्यानंतरच्या पन्नासेक वर्षांत निघालेल्या लाखेच्या तबकड्या पडल्या तर फुटतात आणि जाड सुईने झिजतात, पण उभ्या, कोरड्या आणि स्वच्छ ठेवल्या तर त्यांचे द्रव्य फारसे बिघडत नाही. शिवाय एकेका मुद्रिकेच्या असंख्य प्रती विकल्या गेलेल्या असतात आणि आपल्याकडच्या हौशी संग्राहकांनी त्या जिवापाड जपल्या आहेत. याउलट 1990 च्या दशकात अनेकांनी मोठ्या कौतुकाने घेतलेली डॅट ही डिजिटल ध्वनिफीत चार मिलिमीटरपेक्षाही अरुंद असते, तिची यंत्रे बनवणे सोनीने 2005 मध्ये थांबवले, आणि जुन्या ॲनालॉग फितीप्रमाणे ती हळूहळू खरखरत जात नाही. एका मर्यादेपर्यंत ती अगदी स्वच्छ वाजते आणि मग आवाज एकदम तुटतो. 1910 ची तबकडी आणखी दहा वर्षे कपाटात राहिली तर फारसे काही बिघडणार नाही. 1996 च्या डॅट फितीबद्दल तसे म्हणता येत नाही. मिनी डीव्ही चित्रफितींची आणि घरच्या संगणकावर लिहिलेल्या सीडींची गतही जवळपास हीच आहे, कारण अशा सीडीतील माहिती सेंद्रिय रंगाच्या थरात असते आणि उजेड, उष्णता व दमटपणा यांनी तो रंग उडतो. दुकानात विकत मिळणाऱ्या छापील सीडीचा प्रकार वेगळा. तिची चिंता नंतर करता येईल.

तबकड्यांमध्येही एक अपवाद आहे आणि तो ओळखता आला पाहिजे. कारखान्यात छापलेल्या लाखेच्या तबकडीसारखीच दिसणारी, पण आकाशवाणी केंद्रांत आणि स्टुडिओंत थेट मुद्रणासाठी वापरली जाणारी एक तबकडी असे. तिच्या आत ॲल्युमिनियमची, क्वचित काचेची चकती आणि वर नायट्रोसेल्युलोजचा मऊ लेप असतो. कालांतराने हा लेप आकसतो, त्याला भेगा पडतात आणि तो पापुद्र्यासारखा सुटून येतो. त्यानंतर कोणतीही सुई काही करू शकत नाही. अशी तबकडी बहुधा एकमेव प्रत असते. कडेला किंवा मधल्या छिद्रात धातू चमकताना दिसला, तर ती यादीत थेट वर न्यावी.

चित्रपटाच्या रिळांचा विचार वेगळा करावा लागतो. 1950 च्या आसपासपर्यंत वापरात असलेली नायट्रेटची फिल्म स्फोटक म्हणावी इतकी ज्वालाग्राही असते, आणि पुण्यात जानेवारी 2003 मध्ये लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ताब्यातील अशी असंख्य रिळे जळून गेली, हे अनेकांना आठवत असेल. तिच्या जागी आलेली ॲसिटेटची 'सुरक्षित' फिल्म सहज पेटत नाही, पण ती आतून आंबते. उष्णता आणि दमटपणाने तिच्यातून ॲसिटिक आम्ल सुटू लागते, ते आम्लच पुढची झीज वाढवते, फिल्म आकसते, वाकडी होते आणि शेवटी तिचा लेप सुटतो. या आजाराला जगभर व्हिनेगर सिंड्रोम म्हणतात. डबा उघडला की आंबट वास नाकाला झोंबतो. अमेरिकेतील इमेज पर्मनन्स इन्स्टिट्यूटच्या अभ्यासानुसार 21 अंश सेल्सिअस आणि 50 टक्के आर्द्रतेत ठेवलेल्या ताज्या ॲसिटेट फिल्मला या अवस्थेपर्यंत पोहोचायला सुमारे 40 वर्षे लागतात. मुंबईच्या जुलैत 21 अंशही नसतात आणि 50 टक्केही नसते. सुटलेल्या वाफेने त्याच बंद कपाटातली इतर रिळेही लवकर बिघडतात. एक नासका आंबा आढी नासवतो तसाच हा प्रकार आहे. म्हणून वास येणारे रीळ प्रथम वेगळे काढावे, मग बैठक बोलवावी.

तरीही, आणि हा मुद्दा आपल्या संस्थांच्या लक्षात सहसा येत नाही, फिल्मच्या बाबतीत डिजिटलीकरण ही पहिली पायरी नाही. फिल्म थंड आणि कोरड्या जागी नेली की तिचे आयुष्य अनेक पटींनी वाढते, आणि ती वाचायला प्रकाश आणि भिंग यांपलीकडे फारसे काही लागत नाही. पन्नास वर्षांनंतरही तिची प्रतिमा काढता येईल. त्यातून 35 मिमी फिल्मच्या उच्च दर्जाच्या एका फ्रेमची फाइल सुमारे 50 एमबीची होते. सेकंदाला 24 फ्रेम या हिशेबाने एका तासाच्या चित्रपटाला चार टीबीहून अधिक जागा लागते, आणि ती जागा विकत घेऊन काम संपत नाही, दर काही वर्षांनी नव्या माध्यमावर हलवावी लागते. मर्यादित पैसे असलेल्या संस्थेने आपली रिळे थंड साठवणुकीची सोय असलेल्या संग्रहालयाकडे ठेवीच्या स्वरूपात द्यावीत. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 पासून हेच काम करत आले आहे आणि ते आता राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या छत्राखाली आहे. वाचलेले पैसे चुंबकीय फितींवर खर्च करावेत. फितीला थंड खोली काही काळ तारते, पण ती वाचणारे यंत्रच उरले नाही तर थंड खोलीचा उपयोग शून्य. फितीच्या बाबतीत डिजिटल प्रत काढणे हेच जतन आहे.

यंत्रांची स्थिती काय आहे? घरगुती व्हीएचएस यंत्र बनवणाऱ्या फुनाई या जपानमधील शेवटच्या कंपनीने 2016 मध्ये उत्पादन बंद केले. युनेस्को आणि ध्वनी व दृकश्राव्य संग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2019 मध्ये जगभरातील संग्रहांना चुंबकीय फितींबाबत धोक्याची सूचना दिली, आणि 2025 च्या सुमारास वाजवण्याची यंत्रे व सुटे भाग नियमितपणे मिळेनासे होतील हे तज्ज्ञांचे मत तिच्यात स्पष्ट नोंदले होते. ते साल उजाडून गेले आहे. 1970 च्या दशकात आलेल्या यू-मॅटिक या चित्रफितीच्या प्रकाराचे चालू यंत्र आज मुंबईत मिळवणे म्हणजे दिव्यच आहे. लॅमिंग्टन रोडवर बेल्ट आणि कॅपॅसिटर अजूनही मिळतात, रबरी रोलर ओळखीच्या कारागिराकडून नव्याने घडवून घेता येतो, पण चित्रफितीच्या यंत्राचे फिरते हेड, म्हणजे फितीवरची नोंद वाचणारा भाग, झिजले की त्याला पर्याय नसतो. दुसऱ्या बंद यंत्रातून काढून बसवावे लागते. त्याहून दुर्मीळ आहे तो ते बसवणारा हात. माझ्या पिढीतले बहुतेक तंत्रज्ञ सत्तरी ओलांडलेले आहेत, आणि हेडचा कोन कानाने जुळवण्याचे कसब पुस्तकातून येत नाही.

मुंबईची हवा या सगळ्यावर मीठ चोळते. पावसाळ्याचे चार महिने हवेतील आर्द्रता 80 टक्क्यांच्या आसपास आणि पुष्कळदा वर असते. बंद लोखंडी कपाटात फितीच्या कडेवर पांढरी बुरशी धरते आणि ती यंत्रात गेली की पुढच्या प्रत्येक फितीला लागते. दिवसभर वातानुकूलन चालू आणि कार्यालय सुटल्यावर बंद, ही आपल्याकडची रीत तर फितींना फारच मारक आहे, कारण रोजच्या थंड-गरम होण्याने ओल डब्यात उतरते. त्यापेक्षा पंखा, उघडी मांडणी आणि आर्द्रता शोषणारे साधे यंत्र बरे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिमी पाऊस पडला, तेव्हा तळमजल्यावर आणि तळघरात ठेवलेल्या कागदपत्रांचे व फितींचे काय झाले असेल, हे सांगायला नको. तरीही आज कित्येक संस्थांचा संग्रह जिन्याखाली आहे. तो वरच्या मजल्यावर नेण्यासाठी ना प्रायोजक लागतो, ना तज्ज्ञ.

आता दुसऱ्या निकषाकडे, म्हणजे एकमेव असण्याकडे वळतो, कारण खरा वाद तिथेच होतो. एका संस्थेच्या संग्रहाची यादी करताना 'इतर' सदरात टाकलेली एक 90 मिनिटांची कॅसेट मी वाजवून पाहिली. तिच्या कार्डावर हिरव्या शाईने 'नमन, दुसरा भाग, पुढे मंडळाचे' एवढेच लिहिलेले होते. कोकणातून आलेल्या गिरणी कामगारांच्या मंडळाचे हे नमन, म्हणजे कोकणातले लोकनाट्य, बहुधा चाळीच्या पटांगणात, कोणीतरी घरच्या टेपरेकॉर्डरवर मुद्रित केले होते. गायन साधारण होते, मृदंग मात्र खणखणीत. खेळ थांबवून मधेच एक गृहस्थ देणगीदारांची नावे वाचतात, आणि प्रत्येक नावापुढे गाव, गिरणी आणि खाते सांगतात: साचेखाते, त्रासनखाते, बॉयलर. मागून पोरांचा गलका, एका बाईने कुणाला तरी मारलेली हाक, लांबून जाणारी लोकल. 1982 च्या संपानंतर गिरणगाव विस्कटले. गिरण्यांच्या जमिनींवर काय उभे राहिले ते आपण रोज पाहतो. त्या वस्तीत कोणत्या गावचे लोक कोणत्या खात्यात होते, ते कोणत्या उच्चारात बोलत आणि आपापसांत पैसे कसे गोळा करत, याची अशी जिवंत नोंद कोणत्याही सरकारी दप्तरात सापडणार नाही. समितीच्या यादीत मात्र तिच्यावर 44 क्रमांकांचा अग्रक्रम एका विख्यात गायकाच्या अशा मैफलीला होता, जी बाजारात सीडीवर मिळते.

मुंबईत असे साहित्य विपुल आहे, फक्त त्याला कोणी संग्रह म्हणत नाही. परळच्या दामोदर नाट्यगृहात कामगारांनी केलेली नाटके, लालबागच्या हनुमान थिएटरात उतरलेले तमाशाचे फड, दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात 1970 च्या दशकात झालेले प्रायोगिक प्रयोग आणि त्यानंतरच्या चर्चा, वस्त्यांतील भीमगीतांचे जलसे, वसई-उत्तनपासून वरळीपर्यंतच्या कोळीवाड्यांतील लग्नगीते, मुंबईच्या मूळ ख्रिस्ती रहिवाशांची, म्हणजे ईस्ट इंडियन समाजाची बोली. यांतले जे काही मुद्रित झाले, ते बहुतांशी हौसेने, हलक्या कॅसेटवर आणि एकाच प्रतीत. पुण्याच्या हेमा राइरकर आणि गी प्वातवां यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, तेव्हा त्या गाणाऱ्या बायकांना कोणी कलावंत म्हणत नव्हते. आज तो महाराष्ट्रातील लोकवाङ्मयाचा अमोल ठेवा मानला जातो. मुंबईतल्या कपाटांत असे काय पडले आहे, याचा अंदाज घेतल्याशिवाय नामवंतांची यादी लावणे घाईचे आहे.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो गैर नाही: नामवंतांचे मुद्रण तरी कुठे सुरक्षित आहे? 14 मार्च 1931 रोजी गिरगावातील मॅजेस्टिक सिनेमात पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' झळकला, तेव्हा गर्दी आवरायला पोलीस आणावे लागले होते. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'चीही पूर्ण प्रत नाही. गानसम्राट अल्लादिया खाँ यांचे 1946 मध्ये मुंबईत निधन झाले, आणि त्यांचे गाणे आपल्याला शिष्यांच्या कंठातूनच ऐकावे लागते. मी हा आक्षेप पूर्ण मान्य करतो, पण त्यातून निघणारा निष्कर्ष माझ्याच बाजूचा आहे. 'आलम आरा' गेला, कारण प्रत्येकाला वाटले की इतक्या गाजलेल्या चित्रपटाची प्रत कुणाकडे तरी असणारच. कीर्ती म्हणजे जतन नव्हे. प्रत कुठे आहे, किती आहेत, कोणत्या अवस्थेत आहेत, हे मोजल्याशिवाय ना नामवंतांबद्दल निर्धास्त राहता येते, ना अनामिकांबद्दल. अवकाश संशोधनात जगात अग्रेसर असलेल्या नासालाही 2009 मध्ये कबूल करावे लागले की, अपोलो 11 च्या चांद्रपदार्पणाच्या मूळ फिती बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या.

याच कारणासाठी घरांतल्या व्हीएचएस कॅसेटकडेही मी आदराने पाहतो. मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. चित्रफीत महाग असल्यामुळे प्रक्षेपण झाले की तीच पुसून पुन्हा वापरणे, ही त्या काळातील जगभरच्या दूरचित्रवाणी केंद्रांची रीत होती. बीबीसीने अशा रीतीने आपले कितीतरी कार्यक्रम गमावले आणि त्यांतले काही पुढे परदेशांतून आणि खासगी संग्राहकांकडून परत मिळवले. 1980 च्या दशकात आपल्याकडे घरोघरी व्हीसीआर आले, तेव्हा कोणीतरी टीव्हीवरून उतरवलेली एखादी मराठी नाटिका किंवा मुलाखत आज एकमेव प्रत ठरू शकते. अशा कॅसेटवर बहुधा 'बारसे' किंवा 'सत्यनारायण' असे लिहिलेले असते आणि कार्यक्रम त्याच्या शेवटी सापडतो.

मग क्रम ठरवायचा कसा? अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाने क्षेत्रीय ध्वनिमुद्रणांसाठी फेसेट नावाची गुणपद्धती तयार केली आहे आणि तीत फितीचा प्रकार, तिची अवस्था, तिची निर्मिती अशा बाबींना गुण दिले जातात. पद्धत उपयुक्त आहे, पण आपल्या समित्या गुण देताना सांस्कृतिक महत्त्व आणि धोका यांची सरळ बेरीज करतात, आणि महत्त्वाचे गुण देताना सर्वांचाच हात सैल सुटतो, म्हणून यादी पुन्हा नामवंतांचीच होते. माझ्या मते दुसरी चांगली प्रत सापडली की त्या मुद्रणाला या फेरीत शून्य गुण द्यावेत, चर्चाच करू नये. उरलेल्यांतून आधी यंत्राचा प्रश्न पाहावा: यू-मॅटिक, डॅट, मिनी डीव्ही आणि हाय-8 ही घरगुती कॅमेऱ्याची चित्रफीत. मग अवस्था पाहावी. महत्त्व शेवटी, आणि तेही तुल्यबळ दोघांत निवड करायची असेल तेव्हाच.

हे करायला मुळात नोंदवही हवी. बहुसंख्य संस्थांकडे ती नसते, किंवा असते ती कोण गायले एवढेच सांगते. कोणत्या माध्यमावर, कोणत्या कंपनीच्या फितीवर, कोणत्या वेगाने, एका बाजूला की दोन्ही, डब्यावर काय लिहिले आहे आणि आत काय आहे, वास येतो का, बुरशी आहे का, आणि हे मुद्रण दुसरीकडे आहे का, इतके रकाने पुरेत. यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. पाव इंच रुंद ध्वनिफितीचे स्पूल उजेडासमोर आडवे धरले आणि फितीच्या थरांतून प्रकाश आरपार दिसला, तर ती ॲसिटेटची. दिसला नाही तर बहुधा पॉलिस्टरची. ॲसिटेटची फीत तुटताना कडकन तुटते, पॉलिस्टरची आधी ताणली जाते. हा फरक केवळ माहितीचा नाही. 1970 आणि 80 च्या दशकांतील ॲम्पेक्स 456 सारख्या काही पॉलिस्टर फितींचा लेप दमटपणाने चिकट होतो आणि वाजवताना हेडवर करपल्यासारखा जमतो. अशी फीत 50 ते 55 अंशांवर काही तास शेकून तात्पुरती वाजवण्याजोगी करता येते. हाच उपचार ॲसिटेटच्या फितीवर केला तर ती कायमची जाते. रिळांतील आम्लता मोजण्यासाठी रंग बदलणाऱ्या कागदी पट्ट्या मिळतात, त्याही स्वस्त आहेत. महाविद्यालयातील चार विद्यार्थी आणि एक जुना तंत्रज्ञ मिळून मध्यम आकाराच्या संग्रहाची नोंद एका उन्हाळी सुट्टीत सहज करू शकतात, आणि माझा आग्रह आहे की मंजूर निधीपैकी पहिला दशांश यावरच खर्च व्हावा.

नोंदीविना घाई केली की काय होते, तेही सांगतो. एका संस्थेने व्याख्यानमालेच्या जुन्या पाव इंची फिती नगाच्या दराने एका कंत्राटदाराकडे दिल्या. परत आला तो एक पेनड्राइव्ह, त्यात एमपी3 फाइली. फिती दोन्ही बाजूंनी मुद्रित केलेल्या होत्या आणि त्या स्टीरिओ हेडवर वाजवल्या गेल्या, त्यामुळे एका कानात व्याख्यान ऐकू येते आणि दुसऱ्या कानात दुसऱ्या बाजूचे व्याख्यान उलटे. दोन वाहिन्या वेगळ्या ठेवल्या असत्या तर ते सुधारता आले असते. कंत्राटदाराने त्या एकत्र मिसळून फाइल लहान केली. मूळ फिती कुठे आहेत असे विचारले तेव्हा कळले की, डिजिटल झाल्यामुळे जागा अडवतात म्हणून त्या भंगारात गेल्या. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे 96 किलोहर्ट्झ आणि 24 बिटची, न दाबलेली प्रत काढली, तर एका तासाला जेमतेम दोन जीबी लागतात. आजच्या दराने ही बचत करण्याजोगी बाब नव्हे. मूळ फीत प्रत तपासून झाल्यावरही ठेवावी, आणि फाइलींच्या किमान तीन प्रती असाव्यात, त्यांतली एक मुंबईबाहेर. संस्थेच्या एकाच हार्ड डिस्कवर असलेला संग्रह हा डिजिटल झालेला संग्रह नव्हे.

हक्कांबद्दल थोडक्यात. स्वामित्वहक्काच्या भीतीने अनेक संस्था काम सुरूच करत नाहीत. 1957 च्या कायद्यात 2012 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःकडे असलेल्या कृतीची जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवता येते. जतन करणे आणि लोकांसाठी खुले करणे या वेगळ्या गोष्टी आहेत. खासगी मुलाखती आणि बैठकींतले बोलणे तर संबंधितांना विचारूनच खुले व्हावे, आणि जे खुले करता येत नाही तेही जतन करावेच.

प्रायोजकांची अडचण मी जाणतो. नमनाच्या कॅसेटसाठी धनादेश देणारा सहसा मिळत नाही आणि समारंभात वाजवायला विख्यात गायकच लागतो. संस्थांनी नामवंतांची चार मुद्रणे अवश्य करावीत, त्यावर प्रायोजकाचे नाव घालावे, पण त्याच करारात यादीतील पहिल्या चाळीस धोक्यातल्या फितींचा खर्च धरावा. निवड समितीत विश्वस्त आणि समीक्षक यांच्याबरोबर एक तंत्रज्ञ आणि ज्या समाजाचे ते मुद्रण आहे त्यांतली एक व्यक्ती असावी. 'इतर' सदर वाचून दाखवायला सांगणारे कोणीतरी बैठकीत असले पाहिजे.

राज्य शासनाच्या सांस्कृतिक कार्य विभागाने आणि मुंबई विद्यापीठाने मिळून शहरात एकच सामाईक कार्यशाळा उभारावी, ही माझी मुख्य मागणी आहे. प्रत्येक संस्थेने यू-मॅटिकचे यंत्र शोधत फिरणे व्यर्थ आहे. आठ-दहा प्रकारची चालू यंत्रे, त्यांचे सुटे भाग आणि ती चालवणारे दोन-तीन जुने तंत्रज्ञ एका छताखाली आले, त्यांच्या हाताखाली काही तरुण घातले, आणि नोंदवही पूर्ण केलेल्या संस्थांना क्रमाने वेळ दिला, तर पाच-सात वर्षांत मुंबईतील सर्वाधिक धोक्यातल्या फिती वाचवता येतील. नोंदवही नसलेल्या संस्थेला वेळ देऊ नये, कितीही मोठी असली तरी.

तोपर्यंत आपल्या वृत्तपत्राने वाचकांना एक विनंती करावी. घरातील, कार्यालयातील किंवा बंद पडलेल्या स्टुडिओतील स्पूलची, डॅटची, यू-मॅटिकची यंत्रे भंगारवाल्याला देण्याआधी आपल्या कार्यालयास पत्र लिहून कळवावीत. ती पत्रे माझ्याकडे पाठवल्यास मी ती गरजू संग्रहांपर्यंत पोहोचवीन. यू-मॅटिकच्या यंत्राची निकड सध्या सर्वाधिक आहे. ते बंद असले तरी चालेल; त्याचे हेड, मोटर आणि फीत भरणाऱ्या भागाच्या दंतचकत्या कामी येतात.

आपला,
एक निवृत्त ध्वनिमुद्रक
दादर, मुंबई